उलटे कोट आणि लहानूची नवार

लहानू मेश्राम पोरांचे कोट काढून इतवारीच्या बाजारात विकतो, अशी बातमी त्र्याहत्तरच्या डिसेंबरात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत पसरली. विकत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. काढत होता, तेवढं मात्र खरं.

लहानू मूळचा उमरेडचा, हातमागावर बसणारा. माग सुटला तसा नागपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागला. आमच्या गल्लीतली सहा पोरं रोज सकाळी बालवाडीत पोचवायची आणि दुपारी परत आणायची, हे त्याचं बांधलेलं काम. चौघं गादीवर आणि सगळ्यात लहान दोघं समोरच्या फळीवर. फळीवर धरायला काही नाही, म्हणून त्यानं खाटेच्या नवारीचे दोन पट्टे केले, त्यांना जुन्या दप्तरांची बक्कलं लावली आणि त्या दोघांना मागच्या लोखंडी दांड्याला बांधायला लागला. मी त्याला विचारायचो की लेकरं नेतोस की संत्र्याच्या पेट्या. तो नुसता घंटी वाजवायचा.

मग थंडी पडली. फळीवरचा गुड्डू म्हणजे सिंधूताईंचा एकुलता एक नातू. त्याला दिल्लीच्या मामानं कापूस भरलेला कोट पाठवला होता. आत दोन स्वेटर, वर मफलर, डोक्याला कानटोपी. पोराचे हात दोन्ही बाजूंना असे ताठ उभे राहत, की नाक खाजवायचं तर आजीला हाक मारावी लागे.

एका सकाळी माझ्या ओट्यावरून मी पाहिलं. लहानूनं कोपऱ्यावरच्या पानठेल्याआड रिक्षा थांबवली, फळीवरच्या पोरांचे कोट उतरवले आणि गादीखाली टाकले. तेवढ्यात आतून चहाची हाक आली, मी उठलो. चहा पिता पिता गोष्ट अर्धीच आहे हे माझ्या लक्षात आलं, पण अर्धी गोष्ट मला बघवत नाही. बाकीची मी घरच्या घरी पुरी केली आणि बायकोला सांगितली. दुपारपर्यंत इतवारीतलं दुकानसुद्धा ठरलं.

त्यात त्याच दुपारी गुड्डू शाळेतून आला तो कोट उलटा घालून. हात बाह्यांत, पण गुंड्या पाठीकडे. कोट वाटेत निघतो याला सिंधूताईंना आणखी पुरावा नको होता. आमच्या गल्लीत त्यांनी दूधवाला सोडला की संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली त्याला सोडते. गुड्डू सुटला तर बाकीची पाच पोरंही सुटणार, हे लहानूला कळत होतं, मलाही कळत होतं. मला तेव्हा नुसती मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई दारातच उभ्या होत्या. "कोट काढाचा नाही. कोटावरूनच बांध. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

लहानूनं मान डोलवली, कोटावरून पट्टा आवळला, बक्कल लावलं. पण सीटवर बसला नाही. एक हात हँडलवर, एक फळीशी, असा रिक्षा हातानं ढकलत पायी निघाला. मला त्यात काहीतरी चोरटं वाटलं, म्हणून मी दुधाचं भांडं घेऊन मागे निघालो.

पुढच्या वळणावर नाली ओलांडताना पुढचं चाक खाली गेलं, रिक्षा पुढे झुकली आणि बसलेला गुड्डू पट्ट्याखालून सरळ घसरला, खोळीतून उशी निघते तसा. बक्कल लागलेलंच होतं. लहानूनं हँडल सोडून त्याला कोटाच्या कॉलरला धरला, तेव्हा पोराचे पाय नालीवर लोंबत होते. माझ्या हातातलं भांडं कुठं गेलं ते मला आठवत नाही. गुड्डूला मात्र फारच आवडलं होतं, तो म्हणाला पुन्हा कर.

आम्ही तसेच परत फिरलो. सिंधूताईंनी नातवाला चाचपून पाहिलं, कुठं खरचटलंही नव्हतं. मग श्वास घेतला आणि लहानूवर तुटून पडल्या, की बांधता येत नाही तर बांधतोस कशाला.

लहानूनं गुड्डूला पुन्हा फळीवर बसवलं, कोटावरून पट्टा घट्ट आवळला आणि बक्कलापाशी नवारीवर खडूनं रेघ मारली. मग बक्कल सोडलं, कोट काढला आणि पट्टा त्याच रेघेवर पुन्हा लावला. सिंधूताईंना म्हणाला, आता हात घालून पाहा. त्यांची अख्खी मूठ, बांगड्यांसकट, पट्टा आणि नातू यांच्यामधून आरपार गेली.

"कापूस दाबला की बसते, बाई," लहानू म्हणाला. "तुमाले वाटते लेकरू बांधलं. बांधला असते नुसता कोट."

मग त्यानं आपली रीत दाखवली. अंगात एकच स्वेटर. त्यावर पट्टा, असा की खाली दोन बोटं शिरतील, तिसरं नाही. ताण त्याच्या बोटांना मागावरच कळला होता. मग गादीखालचा कोट काढून पट्ट्यावरून, समोरून घालायचा, पाठीत गुंड्या, म्हणजे थंडी लागत नाही आणि पट्टाही ढिला होत नाही.

"मग हे पानठेल्याआड काहून करत होता गा?" सिंधूताईंचा आवाज आता बराच खाली आला होता.

तो म्हणाला, दारात केलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं का. यावर त्यांनी आतून गुळाचा खडा आणून आधी लहानूच्या हातावर ठेवला, मग गुड्डूच्या. त्या दिवसापासून सिंधूताई स्वतः दारात दोन बोटं घालून पट्टा तपासू लागल्या, आणि दोन दिवसांत फळीवरच्या दुसऱ्या पोराची आईही. सहाच्या सहा पोरं लहानूकडेच राहिली. मी इतका हलका झालो, जणू तो कोट माझ्याच अंगावरून उतरला होता.

राहता राहिली इतवारीच्या दुकानाची बातमी. ती कुणाची, हे गल्लीला विचारावं लागलं नाही, सगळे माझ्याकडेच पाहत होते. विषय बदलावा म्हणून मी हसून विचारलं, काय गा लहानू, मोठ्या माणसांनाही बांधतोस का?

त्यानं पट्टा गुंडाळून ठेवला, सीटवर बसला आणि म्हणाला, "भाऊ, माही नवार लेकरायपुरतीच हाये. तुमच्या तोंडाले पुरंल एवढी विणाची असंल, तं मले पुन्हा उमरेडले जाऊन माग लावा लागंल."