चुलीचा रकाना

"मोळी उतरवू नकोस. तशीच उभी राहा. हलू नकोस."

सर असं म्हणाले आणि मी उभी राहिले. गावाच्या वेशीत, भर उन्हात, डोक्यावर ओल्या बाभळीची मोळी. समोर जीप. जीपमधून उतरलेले चार पाहुणे, त्यातल्या एकाच्या गळ्यात कॅमेरा. लिंबाखाली बाजेवर आमच्या गावचे पाटील, पान लावत बसलेले.

सर पाहुण्यांना समजावून सांगत होते. "हे बघा. हे गावचं गायरान चाललंय, डोक्यावरून. रोज थोडं थोडं. या लोकांना कळत नाही की आपण काय खातोय."

कॅमेरावाल्यानं मला जरा डावीकडं सरकायला सांगितलं. मी सरकले. मान भरून आल्ती, घाम डोळ्यात उतरत होता, हात मोळीला असल्यामुळं पुसता येत नव्हता. एक पाहुणी बाई हळू आवाजात म्हणाली, "चेहऱ्यावर सावली येतेय." त्यावर सर म्हणाले, "चेहरा नाही आला तरी चालेल. मोळी पूर्ण येऊ द्या."

फोटो निघाला. जीप गेली. मंग पाटील बाजेवरूनच मला म्हणाले, "टाक गं मोळी परसात. वल्ली हाय, जरा पसरून टाक."

कारण ती मोळी त्यांचीच होती. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या सैपाकाची. त्या लाकडावर माझ्या मायची एकबी भाकर भाजणार नव्हती. हे पाटलाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. पाटील गप बसले, त्यांचं मी समजू शकते. मी का गप बसले, ते आता सांगते. जरा मागून सांगावं लागतंय.

आमचं गाव टेंभुर्णीच्या पलीकडं. तवा आमचा जिल्हा औरंगाबाद होता, जालना मागून झाला. आमच्या वस्तीनं धर्म बदलला तवा मी मायच्या पदराखाली होते. वस्तीनं येसकरकी, म्हंजे वेशीची राखण, सोडली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सणावाराचं मागणं सोडलं. पण मोळी सुटली न्हाई. ज्याच्या रानात निंदणी-खुरपणीला जायचं, त्याच्या परसात आठवड्याला एकदोन मोळ्या टाकायच्या, असा रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला न्हाई. पण मोळी टाकली न्हाई तर निंदणीच्या दिवसात कामाची हाळी तुमच्या दारावरून पुढं जायची. आमच्यातल्या कुणालाच जमीन नव्हती. समजून घ्या.

मी शाळेत उशिरा गेले, सातवीपर्यंत शिकले. पुढं बहात्तरचा दुष्काळ आला आणि शाळा संपली. वाचणं मात्र संपलं न्हाई. पुडीचा कागद बी मी वाचून मंगच चुलीत टाकायची. माय म्हणायची, "कागद खाऊन पोट भरतं का गं तुझं?"

दुष्काळ सरला आणि गावात अभ्यास करणारे यायला लागले. पयल्या वर्षी आले ते सगळे पाण्याचं विचारायचे. विहीर किती हात, पाणी किती हात. दुसऱ्या वर्षी धान्याचं. काय खाता, किती येळा खाता. शहरात जो वारा सुटायचा तोच आमच्या गावात यायचा. आमची जनामावशी मोठी फटकळ. कुणी वही घेऊन आलं की विचारायची, "काय साहेब, यंदा हंगाम कशाचा हाय?"

त्या वर्षी हंगाम लाकडाचा होता.

सर कॉलेजात शिकवायचे. झाडं, पाणी, गवत यांचं अर्थशास्त्र असा नवा विषय निघालाय, असं त्यांनी शाळेत मास्तरला सांगितलं. सरकार आता अशाच अभ्यासावर चालणार आहे, म्हणाले. त्यांना लिहिता येणारं माणूस पायजे होतं. मास्तरनं माझं नाव घेतलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. दोन महिने वेशीत बसायचं, सरांनी दिलेल्या छापील कागदावर लिहायचं. जळणाचा अभ्यास, आणि लिहिणारी मी. माय वस्तीभर सांगत फिरली.

सरांनी लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगला. गायरानातून बाया आल्या की मोळी काट्याला अडकवायची, वजन बघायचं, आणणारीचं नाव आणि जात लिहायची. झालं. पाटलानं सरांसाठी बाज टाकली होती, चहा यायचा. सावली गार होती. सर तिथून उठून कधी कुणाच्या चुलीपर्यंत गेले न्हाईत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विचारलं, "सर, ही मोळी कोणत्या घरी चालली ते बी लिहू का? जनामावशीची ही मोळी देशमुखाच्या घरला चालली."

सरांनी कागद माझ्याकडं फिरवला. "तेवढा रकाना आहे का यात?"

"न्हाई."

"मग तू कशाला डोकं चालवतेस? आकडा लिही."

मी आकडा लिहिला. रोज लिहिला. मोठ्या घरांच्या बैलगाड्या गायरानातून भरून जायच्या, समोरून जायच्या. पण गाडी काट्याला टांगता येत न्हाई, म्हणून गाडी कागदावर आली न्हाई. ज्याच्या डोक्यावर मोळी त्याच्याच नावावर लाकूड. आणि डोकी कुणाची, तर आमची.

लिहिण्याचे दोन महिने संपल्यावर वेशीत फोटो काढला, त्या दिवशी मी गप का राहिले, ते आता कळलं असंल. सर पाहुण्यांना जे आकडे सांगत होते ते माझ्याच अक्षरातले होते. मी काय म्हणणार होते, की हे खोटं हाय? कुणी लिहिलं मंग? मीच की.

सरांचं पुस्तक निघालं. शाळेला एक प्रत आली. मी मास्तरकडून मागून घेतलं आणि शाळेच्या ओट्यावर बसून पयल्या पानापासून वाचलं. अवघड होतं, पण वाचलं. एका पानावर आमची वस्ती होती. गायरानाचा सर्वांत जास्त नाश भूमिहीन वस्तीकडून होतो, असं लिहिलेलं. खाली बारीक अक्षरात, प्रत्यक्ष मोजणीवरून. शेवटी आभार होते. पाटलाचे होते, बाज आणि चहासाठी. जीपच्या ड्रायव्हरचे होते. दोन महिने लिहिणारी कुठंच नव्हती. आता वाटतं, बरं झालं नव्हती. त्या दिवशी मात्र लई लागलं. ओट्यावरून उठवेना.

आणि पुस्तक काय कपाटात बसून राहतं होय? त्याला पाय फुटतात. एका सकाळी सरकारी खात्याचा साहेब आला. त्याच्या हातात तेच पुस्तक, आत खूण घातलेली. गायरानाभोवती चर मारायचा हुकूम निघाला. रोजगार हमीचं काम म्हणून चर आम्हीच खणला. माझ्या मायनं खणला, जनामावशीनं खणला, पोटासाठी. एका जागी गाडीपुरती वाट ठेवली. गाडीवाल्यानं परवाना काढायचा, आत जायचं. डोक्यावर आणणारीला मनाई. राखणदार बसला, त्यानं पयल्याच आठवड्यात आमच्या चार बायांचे कोयते काढून घेतले.

वस्तीत एक वेळ चूल पेटायला लागली. तुरीच्या तुऱ्हाट्या मागायच्या, कापसाच्या पळाट्या मागायच्या, लोकांच्या बांधावरून. दुपारची भाकर रात्री, रात्रीची सकाळी. लहान लेकरांना शिळं बाधायचं. मी रात्रंदिवस तळमळत होते. एका जागी बसवत नव्हतं. माय म्हणायची, "येडी झालीस का? बस ना." मी म्हणायची, "माय, मी लिहून राह्यले तवा तू का न्हाई माझा हात धरला?" तिला काय कळणार.

मंग एक दिवस राखेनं मला वाट दाखवली.

मोठ्या घरांच्या सैपाकघरात आम्हाला जाता येत नव्हतं. पण राख? राख आमच्याच बाया बाहेर काढायच्या. मागच्या दाराला टोपलं ठेवलेलं असायचं, ते उकिरड्यावर नेऊन ओतायचं. मी म्हटलं, चूल दिसत न्हाई तर न दिसो. जितकं जळलं तितकी राख. एक शंभर पानी वही घेतली. कोणत्या घरची किती टोपली राख, आमच्या वस्तीच्या घरातली किती, रोज बायांना विचारायची आणि लिहायची. सैपाक येगळा, आंघोळीच्या पाण्याचं चुलाण येगळं, म्हशीचं आंबोण शिजतं ते येगळं.

जनामावशी हसली. "आत्तापर्यंत लाकडाचा हंगाम व्हता. आता राखेचा का?"

पण तीच सगळ्यात बराबर सांगायची. पाटलाच्या एका घरची राख आमच्या अख्ख्या आळीला भारी पडायची. आमच्या घराची राख पसाभर. भांडी घासायला बी पुरायची न्हाई.

वही अर्धी भरली तवा एक ताई आल्या. शहरातल्या, माझ्याच वयाच्या, हातात छापील कागदांचा गठ्ठा. वस्तीत आल्या, आमच्या ओट्यावर बसल्या, मायनं दिलेलं पाणी प्याल्या. हे मी मुद्दाम सांगते. त्या वाईट नव्हत्या. कागद काढून त्यांनी पयला प्रश्न विचारला, "गायरान तोडल्यानं नुकसान होतं हे तुम्हाला माहीत आहे का? हो की नाही?"

मी विचारलं, "आम्हीच तोडलं हे कुणी सांगितलं?"

"ते सिद्ध झालेलंय. सरांच्या पुस्तकात आहे. त्याच्या आधारानं पुढं बऱ्याच जणांनी लिहिलंय."

"त्यातलं कोणी इथं आल्तं का?"

"तसं यावं लागत नाही. आधीच्याचा आधार घेतात."

म्हणजे एकाची चूक हाच दुसऱ्याचा पुरावा. तो तिसऱ्याला पोचवायचा, तिसऱ्यानं साहेबाला, साहेबानं आमच्या चुलीत पाणी ओतायचं. मी वही आणून त्यांच्या पुढ्यात उघडली. त्यांनी पानामागून पान वाचलं. तोंड उतरत गेलं. हुशार होत्या, लगेच कळलं.

"हे तुम्ही एकटीनं केलं?"

"बायांनी केलं. मी लिहिलं."

"ही वही मला द्या. मी सरांना दाखवते. ते माझे गाइड आहेत."

"ते म्हणले की हे चूक हाय, तर तुम्ही काय लिहाल?"

ताईंनी वही मिटली. मंग खरं बोलल्या. "त्यांच्या पुस्तकाविरुद्ध मला नाही लिहिता येणार. पण आभारात तुमचं नाव नक्की टाकीन."

"आभार ठेवा तुमच्याकडं. कागदात चुलीचा रकाना घाला."

"कागद छापून झालेत हो."

"मंग आमच्या वस्तीत एक बी कागद भरला जाणार न्हाई."

माय घाबरली. "अगं, लांबून आली लेक." मी म्हटलं, "माय, पाणी दे, भाकर दे, पण जबान देऊ नको." आणि मी दारोदार गेले. प्रत्येक घरी एवढंच सांगितलं, जे लिहितील ते आधी वाचून दाखवायला सांगा. न दाखवलं तर तोंड उघडू नका. ताई दोन दिवस फिरल्या. गठ्ठा कोराच घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "वही निदान उतरवून घेऊ द्या." मी म्हटलं, "सरांना इथं पाठवा. ते बसतील, मी वाचीन." सर काही आले न्हाईत.

मी वही घेऊन जाफराबादला तहसिलीत दोनदा गेले. पयल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा होते. त्यांनी वही न उघडताच विचारलं, "हे कोणत्या संस्थेचं आहे?"

"आमच्या वस्तीचं हाय."

"मग याला काय किंमत?"

त्या दिवशी घरी पायी आले. रस्ताभर माझी तळमळ चालूच होती, पण आता तिला दिशा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं उजाडल्यावर, वस्तीतल्या सगळ्या बाया फावडी घेऊन निघालो. लपून न्हाई. वेशीतून, पाटलाच्या समोरून. जो चर आम्ही खणला होता तो एका पायवाटेइतका आम्हीच बुजवला. राखणदार ओरडत राहिला. जनामावशी त्याला म्हणाली, "वरडू नको दादा, घसा बसंल. लिहून घे, आमची नावं सांगते."

केस झाली. पाचजणींना बोलावलं. ठाण्यातल्या जमादारानं जबाब लिहिला आणि शाईचा डबा पुढं सरकवला. "हं, अंगठा."

मी म्हटलं, "आधी वाचून दाखवा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मंग कंटाळून वाचलं. लाकूड चोरण्याच्या उद्देशानं आणि कुणाच्या तरी चिथावणीवरून, असं त्यात होतं.

"हे मी बोलले न्हाई. कोरा कागद द्या. मी लिहिते."

"तू लिहिणार?"

"सातवी पास हाय मी."

बाकीच्या चौघी माझ्या मागं उभ्या होत्या. कुणीच डब्याला हात लावला न्हाई. शेवटी त्यानं कागद दिला, पेन दिला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण अक्षर सरळ आलं.

"चर मी बुजवला. समजून बुजवला. मला कुणी शिकवलं न्हाई. पुन्हा खणला तर पुन्हा बुजवीन."

जमादार म्हणाला, "असं लिहीत नसतात. यानं आत जाशील."

मी खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासगट, आणि पेन जनामावशीच्या हातात दिला. तिला लिहिता येत नव्हतं. तिचं नाव मी तिच्या हाताला धरून लिहिलं. मंग तिसरीचं. मंग चौथीचं. मंग पाचवीचं.