स्क्रूवरचा लाल ठिपका

हे मी विवेकलाही सांगितलेलं नाही. विवेक माझा नवरा, आणि त्याला मी सगळं सांगते — ऑफिसातली भांडणं, माझं वाढलेलं वजन, त्याच्याच आईचा आलेला राग. एवढं एक मात्र पोटात ठेवलं. विषय त्या बाजूला वळला की मी उठून चहा टाकते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

लोकांत माझी ख्याती वेगळीच आहे. फरिदाबादच्या आमच्या मराठी मंडळींत अजून म्हणतात, लेक असावी तर नानांच्या सुलूसारखी, बापाच्या म्हाताऱ्या ट्रकला हिनं नवा जन्म दिला. कोणी असं म्हणालं की मी हसते. हसणं मला छान जमतं.

नाना म्हणजे माझे वडील. केंद्र सरकारच्या एका खात्यात गाड्यांची देखभाल बघायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी खात्याच्या लिलावातून एक जुना पेट्रोल ट्रक घेतला. छोटाच, एक टनी. आईनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "लोक रिटायर होऊन काशीला जातात, आमच्याकडे हे धूड आलं." पण त्या धुडानं नानांना माणसं दिली, हे तीही नंतर कबूल करायची. कुणाची बदली झाली, सरकारी क्वार्टर सोडायचंय — सामान स्टेशनवर न्यायला नानांचा ट्रक. मंडळाचा गणपती आणायला नानांचा ट्रक. आणि संक्रांतीला पानिपतच्या काला अंबला जायचं, लढाईत पडलेल्यांच्या स्मारकापुढे डोकं टेकायचं, तर मागे सतरंज्या अंथरून बायकापोरांसकट सगळे नानांच्याच ट्रकमध्ये.

मग आई गेली. बदलीवाले पॅकर्सना बोलवायला लागले. मंडळी नोएडा, द्वारका अशी पांगली. ट्रक घरासमोरच्या कडुनिंबाखाली उभा राहिला आणि आत नाना एकटे. संक्रांतीची फेरी तेवढी टिकली.

मी एकुलती एक. गुडगावला नोकरी, गुडगावलाच सासर. मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी, आणि कंपनीत माझा विभाग नेमका फ्युएल इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यंत्रणेचा — हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नाना जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी कारणाशिवाय पाऊल टाकायचं नाही, इतकंच काय, कारणाशिवाय फोनही करायचा नाही. आलेच तर चहा घेऊन उठणार. जेवायला थांबा म्हटलं तर म्हणणार, अगं, घरी भात लावून आलोय. आठवण येते, ये — असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. कारण लागायचं त्यांना.

ते कारण कार्बोरेटरनं पुरवलं. कार्बोरेटर म्हणजे जुन्या इंजिनावरचं पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं. त्याला एक स्क्रू असतो. तो जरा इकडेतिकडे झाला की इंजिन स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, टिकत नाही, थरथरतं आणि बंद पडतं. शनिवारी फोन यायचा. "सुलू, स्लोवर टिकत नाहीये गं. उद्या जमेल का? नाही जमलं तरी चालेल, बिल्कुल चालेल." रविवारी मी जायची. नाना केबिनमध्ये पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून बसायचे, मी बॉनेटखाली वाकून स्क्रू फिरवायची, आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाला की आम्ही दोघं एकदमच मान हलवायचो. लहानपणी हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग आत वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. सकाळपासून तयारी केलेली असायची. अर्ध्या तासाच्या कामाला पूर्ण रविवार जायचा.

मी थकलेली असायची. खरंच थकलेली — पण हे सांगून मी काय मिळवतेय? थकतात सगळेच.

मला संशय आला तो असा. त्या स्क्रूखाली स्प्रिंग असते, तो आपोआप सहसा हलत नाही. आणि आमचा तर आठवड्याच्या आठवड्याला हलत होता. वर्कशॉपमध्ये आम्ही एक साधी गोष्ट करतो, स्क्रू बसवला की त्यावर रंगाचा ठिपका लावतो, अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या धातूवर. स्क्रू फिरला की ठिपका तुटतो. त्या रविवारी नाना हात धुवायला गेले तेव्हा मी पर्समधलं लाल नेलपॉलिश काढलं आणि ठिपका लावला. पुढच्या शनिवारी फोन आला. रविवारी बॉनेट उघडलं तर ठिपका मधोमध तुटलेला, आणि स्क्रूच्या खाचेत स्क्रूड्रायव्हरचा ताजा, चकचकीत ओरखडा.

घरात दुसरं होतं कोण?

नाना केबिनमधून मान लांब करून विचारत होते, "काय झालंय गं?" मी म्हटलं, ढिला झालाय. त्याच वेळी हसायला हवं होतं मला. नाना, पकडलं तुम्हाला, चला, आता वरण-भात द्या — एवढंच म्हणायचं होतं. दुसरी कुणी लेक असती तर केबिनमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी बसली असती. मला मात्र राग आला. ह्या माणसानं माझे रविवार चोरले, असं वाटलं. माझ्या बापाबद्दल, हो. परत निघताना तर मी स्वतःशी म्हणत होते, बघतेच आता.

निमित्त संक्रांतीनं दिलं. त्या वर्षी पानिपतच्या वाटेवर धुक्यात ट्रक खरोखरच बंद पडला. मागे बायका शाली गुंडाळून कुडकुडत होत्या, पोरं रडत होती. नानांना धड मान वर करवत नव्हती. तेव्हा मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, नानांच्या ट्रकला मी इंजेक्शन बसवून देते, कार्बोरेटरची कटकटच नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या.

मायापुरीच्या भंगारबाजारातून मी मोडीत निघालेल्या एका कारचं सगळं सामान उचललं. कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसली, इंजिनाला हवा मोजून देणारी. टाकीत विजेचा पंप, जास्त दाब सोसणारी नवी पाइप, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी पाइप, सायलेन्सरच्या नळीत धूर ओळखणारा सेन्सर, आणि डॅशबोर्डच्या मागे डब्याएवढा कॉम्प्युटर. उन्हाळा गेला, पाऊस गेला, रविवारमागून रविवार गेले. आणि आता ऐका — ते रविवार फार सुखाचे होते. नाना टॉर्च धरायचे, तारांना चिठ्ठ्या चिकटवायचे, शाळकरी मुलासारखे प्रश्न विचारायचे. इतकं सगळं नवीन, म्हणजे ह्याला बघावंही खूप लागणार, असा त्यांचा हिशेब असावा. एकदा त्यांनी विचारलंच, "ह्यात आपण सेट काय करायचं असतं?"

"काही नाही नाना. हा स्वतःचं स्वतः बघतो."

"अच्छा," नाना म्हणाले. टॉर्च तसाच धरून उभे राहिले.

ह्या नवीन बॉडीवरही स्लो कमीजास्त करणारा एक बारीक स्क्रू होता. कारखान्यात तो टोपी लावून बंद करतात, कुणी छेडू नये म्हणून. आमच्या भंगारातल्या तुकड्याची टोपी कधीच पडून गेली होती. तो स्क्रू तसाच ठेवता आला असता. कुणाचं काही बिघडलं नसतं. शनिवारी फोन आला असता, एवढंच. नाना चहा करायला आत गेले, आणि मी त्या खाचेत एपॉक्सी भरलं, दगडासारखं घट्ट होणारं. काठोकाठ. बोटानं सारखं केलं. विवेकला विचारलं तर तो म्हणेल, बरोबरच केलंस, तशीच पद्धत असते. पण पद्धत म्हणून मी ते भरलं नव्हतं. त्यांना मला बोलावता येऊ नये म्हणून भरलं. हे मला भरताना माहीत होतं.

त्यानंतर शनिवार शांत गेले. मी झोपले, पिक्चर पाहिले, केस रंगवले. मजा आली, खोटं कशाला बोलू?

थंडी सुरू झाल्यावर एकदा फोन आला. "सुलू, डॅशबोर्डवर लाल बत्ती लागलीय गं." आवाजात किती उत्साह होता, काय सांगू. मला कळलं. तिथला एकच प्लग हातानं निघतो, तोही जोर लावला तरच. मी फोनवरच सांगितलं, डाव्या बाजूचा पांढरा प्लग दाबून बसवा. ते बाहेर गेले, परत आले. म्हणाले, "गेली बत्ती. चलो, तुझी खेप वाचली."

संक्रांतीला ट्रक पानिपतपर्यंत एकदाही न खोकता गेला. सगळे माझं कौतुक करत होते. काला अंबला नमस्कार झाला, तिळगुळाचे डबे उघडले. नानांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हळूच, इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "नेलपॉलिश कुठलं होतं गं? रंग छान होता."

आणि पुढे गेले, बाकीच्यांना तिळगूळ द्यायला. रागावले नव्हते. त्यांनी राग धरला असता तर मला भांडता आलं असतं. ठिपका त्यांनी स्क्रू फिरवतानाच पाहिला होता. मला संशय आलाय हे त्यांना माहीत होतं, आणि तरी पुढच्या शनिवारी त्यांनी फोन केला होता. म्हणजे त्यांनी मला उघड उघडच बोलावलं होतं. आणि मी काय उत्तर दिलं, ते त्यांनी टॉर्च धरून पाहिलं.

त्यानंतरही मी जात राहिले. दिवाळीला, वाढदिवसाला, पाहुणीसारखी. त्यांनी पुन्हा कधी काही बिघडवलं नाही. नंतरच्या एका हिवाळ्यात झोपेतच गेले. शेजारच्यांनी त्यांच्याच फोनवरून मला कळवलं, तेव्हा स्क्रीनवर नानांचा नंबर पाहून क्षणभर मला वाटलं, ट्रकचं काही तरी निघालं.

आता मी रविवारी फरिदाबादला जाते. विवेकला सांगते, घराला हवा लागायला हवी. बॉनेट उघडते, चावी फिरवते. ट्रक पहिल्या फटक्यात सुरू होतो आणि स्लोवर एकसारखा चालत राहतो. मी थोडा वेळ बॉनेटपाशी उभी राहते. करायला काहीच नसतं. मग बंद करते आणि घरी येते.