जाड दाणा, बारीक दाणा

"आधी दाना दखाड, मंग पुडी बांध." अक्का हे वाक्य माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या. बोलताना अंगठा तर्जनीवर असा घासायच्या, की चिमटीत बारूद आहे असंच वाटावं.

मी दोंडाईच्यात शिवणकाम करतो. माझ्या समोर एक परवान्याचं दुकान आहे. रानडुकरं हाकायला ज्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका आहेत, ते शेतकरी तिथे बारूद घ्यायला येतात. अक्कांचे मालकही यायचे. त्यांची बंदूक आजोबांच्या काळातली, रुंद नळीची. तिला जाड दाण्याचं बारूद लागायचं. त्या दिवशी जाड दाणा संपला होता. शेठनं बारीक दाण्याची पुडी बांधून दिली. मालकांनी विचारलंसुद्धा, "जाडच आहे ना?" शेठ म्हणाला, "नेहमीचंच आहे, घेऊन जा." मालकांनी नेहमीच्याच मापानं ते नळीत ठासलं. मक्याच्या बांधावर नळी फुटली आणि धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचायच्या आत माणूस गेला.

बंदूक जुनी होती, असं म्हणून सगळे गप्प बसले. अक्का बसल्या नाहीत. उरलेली पुडी कमरेला खोचून पॅसेंजरनं जळगावला गेल्या. तिथल्या मेहरूण भागात बंदुका दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी कागदावर दोन ढीग केले. एक ज्वारीच्या कण्यांसारखा, दुसरा बारीक रव्यासारखा. म्हणाले, "बहेन, बारीक दाणा एकदम भडकतो. तो अरुंद नळीला चालतो. रुंद, जुन्या नळीला सावकाश जळणारा जाडच हवा. ही पुडी तुमच्या बंदुकीची नाहीच."

पुढच्या बाजारापासून अक्का माझ्या पायरीवर. मला विचारलंही नाही. "मास्टर, तठे बसनू तं तो हाकलीन. आठे बससू," एवढंच म्हणाल्या.

समोर गिऱ्हाईक चढलं, की यांचा आवाज. लोक आधी हसले. मग एकानं खरंच पुडी सोडायला लावली, आणि जाड म्हणून बांधलेल्या पुडीतून बारीक निघालं. तेव्हापासून कोणी हसेना. गिऱ्हाईक धुळ्याला जायला लागलं. शेठनं माणसं पाठवली, आवाज चढवला, शेवटी हवालदाराला बोलावलं. हवालदार म्हणाला, "बाई रस्त्याच्या या बाजूला बसली आहे. बसण्याला मी काय करू?" अक्कांनी त्यालाही माझ्या खात्यावर चहा पाजला.

माझा चहा प्यायच्या आणि मलाच बोलायच्या. "हाई काज शे का भोक शे?" शर्ट उचलून विचारायच्या. मला त्यांचा राग कधी आला नाही. माझा राग रस्त्यापलीकडे होता. त्या माणसाला मी रोज बघत होतो. एकदाही "चुकलं" म्हणाला नाही हो तो.

वर्षं गेली. शेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका दुपारी तो स्वतःची बंदूक घेऊन शेतावर निघाला होता. तीही तशीच जुनी, रुंद नळीची. त्यानं चाचपडत फळीवरचा डबा काढला आणि बारूद भरून घ्यायला लागला. अक्कांनी चहा खाली ठेवला. कुठल्या फळीवर काय, हे त्यांना पाठ होतं. त्या डब्यात बारीक दाणा होता.

मलाही कळलं. मी हळूच म्हटलं, "अक्का, बसा. होऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठल्या, रस्ता ओलांडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात शिरल्या. शेठच्या हातातलं बारूद गल्ल्यावर ओतलं आणि त्याचं बोट धरून त्यात घातलं. बोटाला कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. हात जोडून म्हणाला, "अक्का, तुम्ही मला वाचवलं."

"वाचाडं नही," अक्का म्हणाल्या. "तू मरी जाशी तं सुटी जाशी. तुले जगनं शे. मन्हासमोर."

परत येऊन थंड झालेला चहा प्यायल्या. मी विचारलं, "माफ केलं का?" म्हणाल्या, "नही." आणि माझ्या काजांवर बोलायला लागल्या.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. मी त्यांच्या गावाला गेलो. शेठही आला होता, नातवाचा हात धरून. खांदा द्यायला पुढे झाला, तर अक्कांच्या दिरानं त्याच्या छातीवर हात ठेवला. "वहिनी सांगीसन गयी शे. तू नको."

तो मागून, बरंच अंतर ठेवून मसणवट्यापर्यंत चालत आला. लोक एकेक लाकूड चितेवर ठेवत होते. त्यानंही एक उचललं. दिरानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "मास्टर, तुम्ही ठेवा."

शेठ माझ्याकडे बघत राहिला. समोरासमोर दुकानं, सारा जन्म एकमेकांची तोंडं बघितलेली. एक शब्द मी टाकला असता, तर दिरानं ऐकलं असतं.

मी लाकूड घेतलं आणि ठेवलं.