उंदरांपाशीच थांबलेला उपचार

डॉ. कुमुद आंबेकर बाईंची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात, प्रयोगाचे उंदीर जिथे ठेवत त्या खोलीत झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी संशोधक विद्यार्थी म्हणून रुजू व्हायला आलो होतो आणि विभागप्रमुख बाई स्वतः पिंजरे धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाह्या वर कर आणि तो दुसरा पिंजरा घे."

शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी कधी कधी शरीरावरच उलटतात. त्यांना आवर घालणाऱ्या नियामक पेशीही आपल्याच रक्तात असतात. त्या वाढवून परत दिल्या तर त्यातून होणारे आजार आटोक्यात येतील, असं बाईंचं म्हणणं. त्या काळी अशा पेशी नसतातच, असं मोठमोठे लोक सांगत. एका परिषदेत अध्यक्षांनी बाईंना बोलणं अर्धवट तोडून खाली बसायला लावलं. बाई बसल्या. सोमवारी पुन्हा पिंजऱ्यांपाशी हजर होत्या. निरोगी उंदरांच्या पेशी दिल्यावर आजारी उंदरांच्या सांध्यांची सूज उतरताना मी स्वतः पाहिली आहे.

त्याच सुमारास आमच्या गावी, सायखेड्याला, माझ्या धाकट्या बहिणीला, मंदाला, ल्यूपस झाला. हा उलटलेल्या पेशींचाच आजार. मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. मी बाईंना म्हणालो, "तिचंच रक्त घ्या, तिच्याच पेशी वाढवून परत द्या. हवं तर लिहून देतो."

"नाही, रामनाथ. आपण नेमक्या कोणत्या पेशी वेगळ्या करतोय, हे मला अजून खात्रीनं सांगता येत नाही. चुकीच्या वाढल्या तर ती लवकर जाईल."

"नाही दिल्या तरी जाणारच आहे."

"तरीही नाही."

त्या दिवशी मी प्रयोगशाळा सोडली. बाईंनी मंदाला सोडलं नाही. दर रविवारी एस.टी.नं सायखेड्याला येत, तिच्या पायांची सूज बघत, डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा लिहून देत. त्या आल्या की मी मळ्यात निघून जाई. मंदा एकदा म्हणाली, "दादा, बाई मला बरी होशील असं म्हनत नाय. म्हनून त्यांच्याशी बोलाय बरं वाटतं." दोन वर्षांनी ती गेली. चोविसाव्या वर्षी.

पुढे त्या पेशी ओळखायची खूण परदेशात सापडली. बाईंना खाली बसवणारे गृहस्थ आता त्याच पेशींवर व्याख्यानं देतात. बाईंचं नाव घेत नाहीत. उंदरांची खोली केव्हाच बंद झाली. खूण सापडल्याची बातमी घेऊन मी कित्येक वर्षांनी बाईंकडे गेलो. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "माझं बरोबर होतं. मंदाला त्याचा काय उपयोग झाला?"

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मंदाचं हे लिहू नये, असं संपादकांनी सुचवलं. पण बाईंना गोड खोटं चालत नाही. त्यांचा नकार योग्य होता हे मला समजतं. मन मात्र अजून मानत नाही, आणि हेही त्यांना ठाऊक आहे.

या शनिवारी बाई साठ वर्षं पूर्ण करत आहेत. हा उपचार माणसांना द्यायची तयारी बाहेरच्या देशांत चालू आहे म्हणतात. त्यानं बरा झालेला माणूस डोळ्यांनी पाहता येईल इतकं निरोगी आयुष्य बाईंना लाभावं. शनिवारच्या समारंभात त्यांना ओवाळायला मंदा असायला हवी होती.