पाइपाखालचा कोरडा कागद

कोलकात्यात, खिदिरपूरला कालव्याकाठी उभी असताना काकूचा फोन आला. "काका गेले गं..." समोर फायबरचे पाइप पडले होते. काकांनीच अडवलेले. कालव्यापलीकडच्या बस्तीत नळ यावा म्हणून आम्ही पत्रकं वाटत होतो, आणि पाइप तपासणारा माझा सख्खा काका ते नापास करत होता!

त्याआधी एकदा भांडायला मी त्यांच्या हावड्याच्या तपासणी शेडमध्ये गेले होते. दोन टेकूंवर पाण्यानं भरलेला पाइप, वरून मधोमध दाब, आणि खाली जमिनीवर पसरलेली मराठी पुरवणी. पुण्याहून टपालानं येणारी. "वाचून झालेलीच न्या, माझं कोडं राहिलंय," म्हणून काकू रोज ओरडायची.

"बायका टँकरपुढे मारामाऱ्या करतायत, आणि तुम्ही पेपर अंथरून बसलाय? कुणाच्या बाजूचे तुम्ही?"

"पाइपाच्या खालच्या. ताण तिथंच येतो. आता गप्प बस, ऐकू दे."

टिक... टिक... पाइपाच्या आतून. दाब काढला. पाइप पुन्हा सरळ.

"देखिए साहब, एकदम सीधा!" कंत्राटदाराचा माणूस म्हणाला.

काकांनी कागदाकडे बोट केलं. रुपयाएवढा ओला डाग. "लोखंड वाकलं की वाकलेलं राहतं, दिसतं तरी. हा आतून तडकतो आणि वर साळसूद उभा राहतो. आपल्यात याला निगरगट्ट म्हणतात."

मी हसले नाही. पण त्या दिवसापासून आमच्या पत्रकातली मागणी बदलली: पाणी हवं, तपासलेल्या पाइपातून.

काकांचा तेरावा व्हायच्या आत तेच पाइप कालव्यावर चढले. इतकी घाई! नळाला पाणी आलं, बायका नाचल्या, खोटं कशाला बोलू, मीही बादली भरली. पण पाइप फुटला तर बस्ती पुन्हा टँकरवर. आणि शेजारच्याच पुलावरून शाळेची पोरं जातात.

म्हणून बस्तीतल्या रेहानादी आणि मी रोज सकाळी पाइपाच्या मध्यावर, खालच्या बाजूनं, सुतळीनं कागद बांधतो. परवा डाग पडला. पालिकेच्या साहेबांना नेऊन दाखवला.

"ओस होगी," ते म्हणाले. म्हणजे दव.

"ओस सिर्फ बीच में गिरती है, साहब?" रेहानादींनी विचारलं. साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

काल सॉल्ट लेकला काकूकडे गेले. तिनं पुरवण्यांचा गठ्ठा हातात ठेवला. कोडी सगळी कोरी.

"ने. आता कोण मला शब्द सांगणार आहे..."

हा लेख ज्या पुरवणीत येईल, तीही मी वाचून झाल्यावर पाइपाला बांधणार आहे. लेखाची बाजू वर, पाइपाकडे.