खालापूरच्या कोर्टातला काळा कोट

“ही जमीन या बाईचीच आहे,” एवढं बोलून आमचे वकीलसाहेब खालापूरच्या कोर्टात माझ्यासमोर कोसळले. काळ्या कोटाची बटणं सोडायला मी वाकले, तर डांबरगोळ्यांचा वास आला. श्वास नव्हता.

त्यांच्या दुखवट्यासाठी कोर्ट उठलं आणि मला पुढची तारीख मिळाली. माझ्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेला धाकटा दीर बाहेर हसत म्हणाला, “वयनी, तुझा वकील मेला. आता सोड गं नाद.”

“वकील गेलाय रं, मी नाय,” मी म्हटलं.

आज, इतक्या वर्षांनी, ट्रंक उघडली आणि तोच वास आला. तेव्हा वकीलसाहेब मला केवढे जाणते वाटायचे. आता माझा नातूसुद्धा त्यांच्याहून थोराड दिसतो.

मधल्या काळात दीरही गेला. त्या जमिनीत यंदाचे वाल मी पेरले.