हील-साइड म्हणजे टेकडीकडे

मी आठवडाभर पाहुण्यांना चुकीच्या दिशेला बघायला शिकवलं. सगळे पाठीवर पडले.

काम होतं सँडबोर्डिंगचं. लोक बर्फावर स्नोबोर्डला पाय बांधून घसरतात, तसंच वाळूच्या टेकडीवरून घसरायचं. नव्वदच्या दशकाचा शेवट. आमची टूर कंपनी मस्कतच्या रुवीत. आमचे अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, युरोपातून सहा बोर्ड घेऊन आले आणि ऑफिसात विचारलं, "हे कोणाला येतं?" मी हात वर केला. बर्फ मी तोवर फ्रीजरमध्येच पाहिला होता. पण एअरपोर्टवर पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून उभं राहायचा मला वीट आला होता.

शिकलो एका व्हिडिओ कॅसेटवरून. वहीत लिहून घेतलं: वळणं दोन. एक टो-साइड, म्हणजे पायाच्या बोटांकडचं. दुसरं हिल-साइड, म्हणजे टेकडीकडचं. एकीकडे बोटं आणि दुसरीकडे टेकडी, ही जोडी कशी, असा प्रश्न मला पडला नाही. इंग्रजीत काहीही चालतं, असं माझं मत होतं.

उजवं, म्हणजे बोटांकडचं, वळण सगळ्यांना जमायचं. डावं आलं की मी ओरडायचो, "लूक ॲट द हिल." पाहुणा मान मागे टाकून टेकडी बघायचा आणि धपकन आडवा.

एका बाईंचं मनगट मुरगळलं तेव्हा आमच्या इंग्रज मॅनेजरने, ग्रॅहमने, मला केबिनमध्ये बोलावलं.

"गुरुवारी दहा जर्मन येतायत. मी दुबईहून इन्स्ट्रक्टर मागवतोय. तू पुन्हा एअरपोर्टला."

"गुरुवारी मीच शिकवणार, सर."

"तुला येत नाही, दिलीप."

"आज रविवार आहे. गुरुवारपर्यंत येईल."

"निम्मे जरी डाव्या वळणावर पडले, तर शनिवारी पाटी हातात."

"चालेल. पण तोपर्यंत दुबईला फोन करायचा नाही."

हे मी कोणाच्या जिवावर बोललो, ते मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे मस्कतमधल्याच बौशरच्या वाळूत जायला लागलो. गाडी इब्राहिमचाचांची. रत्नागिरीकडचे, कंपनीचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मी सात वेळा पडलो. चाचा कॅसेटचं कव्हर निरखत होते.

"काय रे, तू सारखा टेकडीकडे काय बघतोस?"

"हिल-साइड टर्न आहे, चाचा. हिल म्हणजे टेकडी."

"एच, डबल ई, एल. दहा वर्षं रुवीत चपला विकल्या मी. ही टाच आहे."

मी कव्हर हातात घेतलं. टाचच होती.

म्हणजे बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर भार देऊन वळायचं. डावा पाय पुढे असला की हे वळण डावीकडे जातं आणि छाती उताराकडे येते. टेकडी पाठीमागे राहते. तिच्याकडे बघायला जाणारा पडणारच.

चूक कळली, तरी मी पडतच होतो. टाचेवर भार द्यायचा म्हणून मी गुडघे ताठ करून मागे रेलायचो. मग बोर्ड थरथरायचा, कड वाळूत रुतायची आणि मी बसकण मारायचो. मंगळवारी असाच पडल्या पडल्या गाडीकडे पाहिलं. चाचा उकिडवे बसून थर्मासमधला चहा पीत होते. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पुढे, हात पुढे, माणूस पंधरा मिनिटं ढिम्म हललेला नाही. माझं आणि त्यांचं वजन सारखंच. ते पडत नव्हते, कारण त्यांचे गुडघे वाकलेले होते.

तसंच करून पाहिलं. अर्धवट उकिडवा, पायाची बोटं वर ओढलेली, भार हळूहळू टाचेवर. वळलो. पुढच्या वेळी पुन्हा पडलो, पण का पडलो ते कळलं.

गुरुवारी दहा जर्मन रांगेत उभे केले आणि सांगितलं, उकिडवे बसा. त्यांच्या टाचा जमिनीला टेकेनात. चौघे जागच्या जागी मागे कलंडले. ग्रॅहम धावत आले.

"पाहुण्यांना हे करायला कोणी सांगितलं?"

"मी. गुरुवार माझा आहे, सर. बाजूला उभे राहा."

ते बाजूला झाले.

उकिडवं राहू दिलं. सांगितलं, पाठीमागे स्टूल आहे असं समजा, टेकायला निघा आणि मध्येच थांबा. बोटं वर ओढा. आता बघायचं कुठे? चाचांना गाडी टेकडीच्या पायथ्याशी, डाव्या अंगाला उभी करायला सांगितली. "टेकडी विसरा. पांढरी गाडी बघा. यल्ला, चला."

नजर गेली तिकडे खांदा गेला, खांद्यामागून कंबर, आणि बोर्ड आपोआप वळला. आठ जण न पडता गाडीपर्यंत आले. साठीच्या एक बाई तीनदा आल्या. ग्रॅहम एवढंच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बारा जण आहेत." दुबईला फोन गेला नाही. पुढे सहा वर्षं मी तिथे शिकवलं.

शिकवणाऱ्याला सगळं आलंच पाहिजे असं नाही. आपण नक्की कशामुळे पडतो, एवढं माहीत असलं तरी काम चालतं. त्या गुरुवारी परतताना हेच मी चाचांना जरा ऐटीत ऐकवलं.

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ता ठीक हाय. पण पाहुणे बघत असताना तू स्वतः पडू नको रे बाबा, नोकरी जाईल."